जुन्या संगणकाची स्मृती वाढविताना

जीएसटीआर-३बी भरण्याची २० तारीख तोंडावर आलेली असते. पेढीवरील संगणकात हिशेबाचे सॉफ्टवेअर, पोर्टल आणि बँकेचे खाते एकाच वेळी उघडलेले असते आणि पडद्यावर चक्र नुसतेच फिरत राहते. तारीख चुकली, तर करदेय विवरणास दररोज ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर व्याज. मुलगा म्हणतो, "पप्पा, आता नवाच घेऊया." वडिलांचे उत्तर ठरलेले असते, "अरे, चालू वस्तू टाकायची कशाला?" हा संवाद अनेक व्यापारी घरांत होतो आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते.

रॅम म्हणजे मुनीमजींपुढील मेज आणि हार्ड डिस्क म्हणजे चोपड्यांचे कपाट. मेज लहान असले, की प्रत्येक चोपडी पुनःपुन्हा कपाटातून काढावी लागते. म्हणून प्रथम निदान करावे. नेहमीचे काम चालू असताना विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी' पाहावी. ती जवळजवळ भरलेली दिसली, तर रॅम वाढविणे योग्य. ती निम्मी रिकामी असूनही काम अडत असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तेथे एसएसडी बसविणे अधिक उपयुक्त. विंडोज ३२-बिट असेल, तर ४ जीबीपलीकडील रॅमचा लाभ मिळत नाही, हेही पडताळावे.

त्यानंतर मदरबोर्डची मर्यादा पाहावी. बोर्डवर छापलेल्या मॉडेल क्रमांकावरून त्याची माहितीपुस्तिका उत्पादकाच्या संकेतस्थळावर शोधता येते. २०११ नंतर प्रचलित झालेल्या इंटेल एच६१ चिपसेटच्या बोर्डवर सामान्यतः २ खाचे असतात आणि एकूण १६ जीबीपर्यंत डीडीआर३ रॅम चालते. त्याआधीच्या जी४१ चिपसेटची मर्यादा ८ जीबी असून, मोजक्याच चिपा असलेली नवी ४ जीबीची पट्टी तो अनेकदा ओळखत नाही.

खरेदीत चूक होते ती पिढीची. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना असल्या, तरी मधली खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर४ ला २८८ पिना असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावल्यास बोर्डच निकामी होण्याची भीती. लॅपटॉपची आखूड पट्टीही डेस्कटॉपला चालत नाही. डीडीआर३ चा विद्युतदाब १.५ व्होल्ट असतो. 'एल' अक्षर असलेली १.३५ व्होल्टची पट्टी सहसा १.५ व्होल्टवरही चालते. सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड ईसीसी' रॅम स्वस्त मिळते, पण साध्या डेस्कटॉपला ती निरुपयोगी. काही स्वस्त पट्ट्या केवळ एएमडीच्या संगणकांसाठी असतात, तेही विचारून घ्यावे.

पट्टीवरील पीसी३-१०६०० म्हणजे १३३३ आणि पीसी३-१२८०० म्हणजे १६०० वेग. दोन वेग एकत्र आले, तर दोन्ही पट्ट्या मंद वेगाने चालतात. त्यामुळे एकसारख्या दोन पट्ट्या घेणे उत्तम. जुनी जपून ठेवलेली पट्टी नेमकी त्याच जातीची असेल, तर जोडी लावता येते. वापरलेला माल घेताना बदलून देण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी.

बसविण्यापूर्वी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर काढावी, वीजजोडणी तोडावी आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. दोन्ही टोकांच्या कड्या बंद झाल्याची खात्री करावी. पडदा काळाच राहिला, तर एकेक पट्टी लावून पाहावी. शेवटी विंडोजची मेमरी चाचणी घ्यावी; सदोष रॅम हिशेबाच्या फाइलींची नासधूस करू शकते.

मुलाच्या आग्रहातील तथ्य येथे ध्यानात येते. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आहे आणि त्या काळातील प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. रॅमने वेग वाढतो, सुरक्षितता नाही. म्हणून बँक व पोर्टलचे काम अद्ययावत यंत्रावर आणि बिले, साठा व जुने हिशेब या यंत्रावर, अशी विभागणी शहाणपणाची.

अपरिग्रह म्हणजे जीर्ण वस्तूला कवटाळणे नव्हे. गरजेपुरते घ्यावे आणि घेतलेल्याचा पूर्ण उपयोग करावा. उपयोग खरोखरच संपला, की यंत्र भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावे.