आवाज पक्के, चित्र कच्चं

२००२ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ‘द डब्ल्यूबी’ वाहिनीशी जोडलेल्या काही केंद्रांवरून ‘रॅपसिटी स्ट्रीट किड्स : बिलीव्ह इन सँटा’ हा मुलांसाठीचा ख्रिसमस स्पेशल दाखवला गेला. आवाज देणाऱ्यांची यादी बघून कुठल्याही निर्मात्याला हेवा वाटावा. ‘स्टार वॉर्स’मधला ल्यूक स्कायवॉकर म्हणजे मार्क हॅमिल, बार्ट सिम्पसनला बोलकं करणाऱ्या नॅन्सी कार्टराइट, डिस्नेची जलपरी एरिएल म्हणजे जोडी बेन्सन, आणि ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधली बेल म्हणजे पेज ओ’हारा.

पडद्यावर मात्र वेगळाच कारभार. मुलं चालतात, पण पाय जमिनीवर ठरत नाहीत, नुसते घसरत पुढे जातात. ओठ भलत्याच तालावर उघडमीट करतात. नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर न पडता त्याच्या पलीकडे कुठेतरी जाते. केस डोक्यावर ठोकळा बसवल्यासारखे. याला वाईट म्हणण्यापेक्षा अर्धवट म्हणणं जास्त नेमकं.

अर्धवटपणा नेमका कुठे राहिला, हे समजायला काम कोणत्या क्रमाने होतं ते माहीत हवं. अमेरिकी ॲनिमेशनमध्ये संवाद सहसा आधी ध्वनिमुद्रित होतात आणि चित्र त्या आवाजावर बेतलं जातं. म्हणजे नामवंत कलाकार आपलं काम करून केव्हाच घरी गेलेले असतात. खरी खर्चिक आणि रेंगाळणारी कामं पुढे सुरू होतात. त्रिमित चित्रात पात्राचा पुतळा बनवायचा, त्याला आतून हाडांचा सांगाडा द्यायचा, प्रत्येक अक्षराला ओठांचा आकार जुळवायचा, पाऊल टेकताना शरीराचा भार दिसेल असं बघायचं, मग प्रकाश-सावल्या आणि शेवटी रेंडरिंग, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्रं काढून घेणं. ‘रॅपसिटी’त पुतळे उभे राहिले आणि हलूही लागले, पण ती हालचाल घोटून घ्यायला कुणाला सवड झालेली दिसत नाही. पक्क्या आवाजांतही एक विचित्र अपवाद आहे. नायक रिकीची पणजी बोलते तेव्हा आवाजच इतका बरबटलेला येतो की तिचं वाक्य कळतच नाही.

गोष्ट तशी टाकाऊ नाही. गरीब रिकी आईची आठवण असलेलं टेडी अस्वल श्रीमंत निकोलला भेट देतो, ती ते फेकून देते, आणि त्याची किंमत कळल्यावर शोधायला निघते. पश्चात्तापाची ही कथा चेहऱ्यावर उमटायला हवी होती, आणि नेमके चेहरेच तयार नव्हते.

घाईचं म्हणाल, तर ती ख्रिसमस स्पेशल या प्रकाराच्या पाचवीलाच पुजलेली. २५ डिसेंबर कुणासाठी पुढे सरकत नाही. ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ १९६५ साली जेमतेम सहा महिन्यांत उरकला गेला आणि प्रसारणाच्या साधारण दहा दिवस आधी हातावेगळा झाला. दिग्दर्शक बिल मेलेंडेझ आणि निर्माते ली मेंडेलसन यांना आपण माती केली असं वाटलं होतं. सीबीएस वाहिनीच्या अधिकाऱ्यांनाही तो संथ वाटला. उणिवा आजही दिसतात. चार्लीच्या मरतुकड्या झाडाच्या फांद्या दृश्यागणिक बदलतात. चार्लीची बहीण सॅली हिला आवाज देणारी मुलगी इतकी लहान की तिला वाचता येत नव्हतं. एकेक तुकडा सांगून म्हणवून घेतला, आणि ते जोड ऐकू येतात.

तरी ९ डिसेंबरला तो दिसला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. पुढे एमी आणि पीबडी पुरस्कार मिळाले. चार्ल्स शुल्झ यांची मूळ व्यंगचित्रंच चार रेषांची, सपाट. मेलेंडेझ यांनी ती तशीच ठेवली. अंथरूण पाहून पाय पसरले. ‘रॅपसिटी’ने त्रिमित चित्र निवडलं. तिथे खोली दिसली की प्रेक्षक वजन, सावली, नजर हे सगळं मागतो. सपाट चित्रात खपून जाणारी घसरण तिथे डोळ्यांत खुपते.

काहींना दुरुस्तीची संधीही मिळाली. १९६४ च्या ‘रुडॉल्फ द रेड-नोझ्ड रेनडिअर’मध्ये सँटा एका बेटावर राहणाऱ्या नकोशा खेळण्यांना घेऊन जाण्याचं वचन देतो, पण पहिल्या प्रसारणात ती बेटावरच राहिली होती. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्या सुटकेचा प्रसंग जोडला गेला. 

‘रुडॉल्फ’ दरवर्षी पुन्हा लागत होता, म्हणून हे जमलं. ‘रॅपसिटी’ सुरुवातीच्या प्रसारणांनंतर नाहीसाच झाला; अनेक वर्षं तो हरवलेल्या कार्यक्रमांत गणला जाई. २०१५ मध्ये त्याची प्रत इंटरनेटवर आली. आता नाताळ जवळ आला की हौशी प्रेक्षक तो हसण्यासाठी लावतात, आणि त्या गोंधळातही पेज ओ’हारा यांचं काम मन लावून केलेलं ऐकू येतं.