बाळंतीण माझ्या कपाटात!

एकटीचा वन बीएचके, डोक्यावर डेडलाइन आणि कपाटात चार पिल्लं घेऊन ऐटीत बसलेली मांजर. पुढच्या दोन महिन्यांत झोप उडाली, एक मोठी चूक झाली आणि बरंच काही शिकायला मिळालं.

रविवारची सकाळ. एका मुलाखतीसाठी ठेवणीतला खादीचा कुर्ता काढायला कपाट उघडलं, तर आतून 'फिस्स!' ठमी. कुर्त्यावर आडवी पसरलेली. आणि तिच्या पोटाशी चार ओलसर, उंदराएवढे जीव.

खरं तर ठमी माझी नव्हतीच. पार्किंगच्या पत्र्यावरून उडी मारून माझ्या बाल्कनीत यायची, पोळीचा तुकडा नाहीतर चिकन खायची आणि चालू पडायची. महिनाभर तिचं पोट सुटत चाललं होतं. मला वाटलं, आपल्या पाहुणचाराचा परिणाम! मांजरीचे दिवस साधारण नऊ आठवड्यांत भरतात, हे मला नंतर कळलं.

मी लगेच मैत्रिणींना फोटो पाठवले, पिल्लांचं बारसंही उरकलं. इडली, वडा, उपमा आणि सगळ्यात छोटी ती चिमूट. मग साताऱ्याला आजीला फोन. आजी हसली आणि म्हणाली, "अगं, तिचं ती बघेल. तू फक्त तिला खायला घाल आणि लांब राहा."

आजीचं ऐकलं असतं तर!

चूक माझीच

दुसऱ्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास कपाटात डोकावले. तिघं पोटाशी चिकटलेली आणि चिमूट एका कोपऱ्यात, एकटी. हातात घेतली तर गार पडलेली. माझी तंतरली. फ्रिजमधलं गायीचं दूध कोमट केलं, ड्रॉपर शोधला आणि बाळाला धरतात तशी तिला उताणी धरून दोन-तीन थेंब तोंडात सोडले. दूध नाकावाटे बाहेर आलं. ती शिंकली, मग नुसतीच तोंड उघडझाप करत राहिली.

ओळखीच्या व्हेटना फोन लावला. सर झोपेतून उठले असणार, पण आवाज शांत. "आधी ते दूध थांबव. पिल्लू गार आहे ना? गार पिल्लाला काहीही पाजायचं नाही, त्याला पचतच नाही. आधी ऊब दे."

त्या एका फोनवर मला जे कळलं, ते मला आदल्या दिवशी माहीत असायला हवं होतं. नवजात पिल्लांना स्वतःच्या अंगाचं तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्या आसपास साधारण ३० अंश सेल्सिअसची ऊब लागते. ती आईच्या पोटाशी मिळते. आई नसेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. गायीचं दूध तर नाहीच. त्याने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब झेपत नाहीत. पेट शॉपमध्ये मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, तीच द्यायची. आणि पिल्लू कायम पोटावर, जसं आईपाशी पितं तसं. उताणं धरलं की दूध थेट श्वासनलिकेत जाऊ शकतं.

मी नेमकं तेच केलं होतं.

त्या रात्री चिमूटला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरून बसले. तासाभराने ती वळवळली, मग बारीकशी ओरडली. ठमीने कपाटातून मान वर केली. मी चिमूटला तिच्या पोटाशी ठेवलं, आणि ती प्यायला लागली! मी रात्री दोन वाजता एकटीच नाचले.

काट्यावरचे आकडे

सरांनी रोज वजन करायला सांगितलं होतं. मांजराचं पिल्लू जन्मतः साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि रोज १० ते १५ ग्रॅमने वाढतं. दोन आठवड्यांत वजन दुप्पट. वजन वाढलं नाही की समजायचं, काहीतरी बिनसलंय. दिसायला पिल्लू ठणठणीत वाटत असलं तरी काटा आधी सांगतो.

केकसाठी आणलेला किचनमधला डिजिटल काटा कामाला आला. इडली १०४, वडा १११, उपमा ९८. चिमूट ६९. दुसऱ्या दिवशी तिघांचे आकडे वाढले. चिमूट ७०. मग पुन्हा ६९. दर दोन तासांनी अलार्म लावून तिला पावडरचं दूध पाजत होते. पोटावर ठेवून, थेंब-थेंब. तिचा श्वास घरघरत होता. सरांनी तपासून औषध दिलं, पण फार आशा दाखवली नाही.

पाचव्या दिवशी पहाटेच्या अलार्मला उठले, तेव्हा चिमूट गेली होती. ठमी तिला अजून चाटत होती.

"माझ्यामुळे?" मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "दूध फुप्फुसात गेलंही असेल, जन्मतःच काही कमीही असेल. आता सांगता येणार नाही. तीन आहेत ना अजून? त्यांच्याकडे बघ." वॉचमन काकांनी काही न विचारता कुदळ दिली. त्या दिवशी डेडलाइन चुकली आणि संपादकांना कारण काय सांगावं, ते मला सुचलं नाही.

सात घरांची गंमत

शनिवारी मैत्रिणी आल्या. 'सो क्यूट' म्हणत पिल्लं या हातातून त्या हातात, फोटो, व्हिडिओ, फुल टू कल्ला. रविवारी सकाळी कपाट रिकामं! माझा जीव खालीवर. शेवटी पलंगाखालच्या सुटकेसमधून बारीक आवाज आला. दोन दिवसांनी मुक्काम वॉशिंग मशीनच्या मागे.

आजी म्हणाली, "मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, माहीत नाही तुला?" सातचा हिशोब राहू दे, पण मूळ गोष्ट खरी आहे. जागा गजबजलेली वाटली, अनोळखी वास आले, माणसांची ये-जा वाढली, की मांजर पिल्लांना मानेशी धरून उचलते आणि दुसरीकडे नेते. 'मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत' ही म्हण मी तेव्हा डोळ्यांनी बघितली. मग मीच एक मोठं खोकं आणलं, त्यात जुनी चादर घातली आणि बेडरूमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं. पाहुणे बंद. ठमी तिथे स्थिरावली.

बाळंतिणीची बडदास्त

"डिंकाचे लाडू केलेस का तिला?" आजीची थट्टा. लाडू नाही, पण खुराक हवाच. दूध पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागू शकतं. पिल्लांसाठी मिळणारं कॅटफूड आईलाही चालतं, कारण त्यात प्रथिनं आणि कॅलरीज जास्त असतात. सोबत उकडलेलं चिकन, पण मीठ-मसाला नाही आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही. मांजरांना ते विषारी आहे. पाण्याचा वाडगा कायम भरलेला आणि लिटर ट्रे जवळच.

आईवरही लक्ष ठेवा. एखादं स्तन कडक, लाल, गरम लागलं, तिने खाणं सोडलं किंवा तिला थरथर सुटून अंग ताठ झालं, तर 'उद्या बघू' नाही. लगेच व्हेट.

दुसऱ्या आठवड्यात डोळे उघडले. तिसऱ्यात लटपटत चालणं. चौथ्यात वडा ठमीच्या वाडग्यात चारही पाय घालून उभा! तेव्हापासून मऊ खाणं सुरू. जंतांचं औषध आणि सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, दोन्ही व्हेटच्या सल्ल्यानेच.

पुढचं पाऊल

पाचव्या आठवड्यात ठमी रात्री विचित्र आवाजात ओरडायला लागली. मला वाटलं, आजारी आहे. सर म्हणाले, "माजावर आली आहे. दारं-खिडक्या बंद ठेव." पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते! आणि पिल्लं चार-पाच महिन्यांची झाली की त्यांचंही तेच चक्र सुरू. शेजारच्या काकूंची 'मांजरं वाढवून ठेवलीत' ही तक्रार मला आधी खडूस वाटायची. आता पटली. पिल्लांचं पिणं सुटल्यावर ठमीचं ऑपरेशन केलं, आणि तिला आणायला काकूच सोबत आल्या.

इडली आणि उपमा आठ आठवड्यांनंतर एका जोडप्याकडे गेल्या, दोघी एकत्र. मी फक्त दोन गोष्टी विचारल्या. बाल्कनीला जाळी आहे का? आणि ऑपरेशन करणार का? वडा माझ्याकडेच राहिला. ठमी आता पत्र्यावरून ये-जा करत नाही, सोफ्यावर असते.

आणि तो खादीचा कुर्ता? तिच्या खोक्यात आहे. परत मागायची माझी हिंमत नाही.

हे लक्षात ठेवा

• रस्त्यात एकटी पिल्लं दिसली तर लगेच उचलू नका. आई खाणं शोधायला गेलेली असू शकते. धोका नसेल तर लांबून वाट बघा.
• पिल्लू गार असेल तर आधी ऊब, मग दूध.
• गायीचं दूध नाही. उताणं धरून पाजणं नाही.
• आई नसेल तर पहिले काही दिवस दर दोन-तीन तासांनी दूध, रात्रीसुद्धा. पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा. साधारण तीन आठवड्यांपर्यंत त्यांना स्वतःहून शी-शू होत नाही.
• कुत्र्यांची पिसवांची पावडर मांजरांना लावू नका. त्यातली काही औषधं त्यांच्या जिवावर बेततात.
• व्हेटचा नंबर आजच सेव्ह करा. रात्री अकरा वाजता शोधत बसू नका.