परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचे व्यवस्थापन : अमेरिकेतील नियम आणि प्रशिक्षण

अमेरिकेत १९८६ च्या करसुधारणा कायद्याने अल्प उत्पन्न गटासाठी भाड्याची घरे उभारणाऱ्यांना करसवलत देण्याची पद्धत सुरू झाली. ही सवलत दहा वर्षांत मिळते. निर्बंध मात्र साधारणतः तीस वर्षांचे असतात. पहिल्या पंधरा वर्षांत नियमभंग झाल्यास घेतलेल्या सवलतीचा काही भाग परत करावा लागतो. त्यामुळे सारा भार व्यवस्थापकाच्या नोंदींवर पडतो.

भाडे भाडेकरूच्या प्रत्यक्ष कमाईवर नव्हे, तर उत्पन्नमर्यादेवर ठरते. समजा, मर्यादा वर्षाला ६०,००० डॉलर आहे. तिचे ३० टक्के म्हणजे महिना १,५०० डॉलर. भाडेकरू वीज-पाण्याचे बिल स्वतः भरत असेल आणि त्यासाठी १५० डॉलर धरले असतील, तर भाडे १,३५० डॉलरपेक्षा अधिक घेता येत नाही. पुढे भाडेकरूचे उत्पन्न वाढले म्हणून त्याला घराबाहेर काढता येत नाही. मिश्र उत्पन्नाच्या इमारतीत ते मर्यादेच्या १४० टक्क्यांपलीकडे गेल्यास पुढे रिकामे होणारे तसेच घर पात्र कुटुंबाला द्यावे लागते.

शिक्षकांच्या दृष्टीने विद्यार्थ्यांविषयीचा नियम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. घरातील सर्वच व्यक्ती पूर्णवेळ विद्यार्थी असतील, तर ते कुटुंब अपात्र ठरते. शाळकरी मुलेही यात मोजली जातात. महाविद्यालयात शिकणारी एकटी आई आणि तिची दोन शाळकरी मुले घ्या. वरवर पाहता हे घर अपात्र. पण कायद्यात पाच अपवाद आहेत. एकट्या पालकाचे कुटुंब, विवरणपत्र एकत्र भरू शकणारे विवाहित जोडपे, सरकारी नोकरी-प्रशिक्षण घेणारा हे त्यांपैकी तीन. आई व मुले करासाठी इतर कोणावर अवलंबून दाखविलेली नसतील (मुलांबाबत त्यांचे वडील चालतात), तर हे कुटुंब पात्र ठरते. अपवाद ठाऊक नसलेला कारकून मात्र तिचा अर्ज परत करील.

राज्याची गृहवित्त संस्था दर तीन वर्षांनी किमान एकदा काही घरे व फाइली तपासते. चूक आढळल्यास मालकाला दुरुस्तीची मुदत मिळते. मात्र चूक सुधारली तरी ‘फॉर्म ८८२३’ वर तिची नोंद करखात्याकडे जाते. पहिल्या वर्षाच्या फाइली सुमारे एकवीस वर्षे जपाव्या लागतात.

म्हणूनच अनेक राज्यांत व्यवस्थापकांना प्रशिक्षण घ्यावे लागते. उत्पन्न मोजणे, पुरावा घेणे, नियम व अपवाद दोन्ही वाचणे, हा त्याचा गाभा होय. अपुरे शिकलेल्या व्यवस्थापकामुळे मालकाचे पैसे जातात; पात्र कुटुंबाचे तर घरच जाते.