हवेतली वीज आणि भाचेबुवांचे भांडवल

२०२२ सालच्या भाऊबीजेला मी सिंदेवाहीला ताईकडे गेलो होतो. ओवाळणी झाली, अनारशांचा समाचार घेऊन झाला आणि सुपारी कातरता कातरता ताईने हळूच विषय काढला.

"अरे, पोराला जरा समजाव. हलक्या धानाचे सत्तर हजार हाती आलेत. ते सगळे एका स्टिकरात घालतो म्हणतो!"

भाचेबुवांनी नमुनाच आणून माझ्या हातावर ठेवला. टपालाच्या तिकिटाहून जरा मोठा, चंदेरी नक्षीचा कागद. तो मोबाइलच्या पाठीला चिकटवायचा. मग हवेतल्या रेडिओलहरी शोषून मोबाइल आपला आपण चार्ज होत राहतो! वायर नको, वीज नको. जंगलातल्या गावांत वीज गेली की लोक मोबाइल घेऊन वणवण करतात, तिथे हा खपेलच खपेल. तालुक्याची एजन्सी अवघ्या सत्तर हजारांत.

"असे कुठे होते का रे?" मी म्हणालो.

"काहून नाही होणार, मामाजी? औंदा गुढीपाडव्याला आपल्या लाडबोरीत आकाशातून लोखंडाचं कडं पडलं. ते तरी आधी कोणाला खरं वाटलं असतं?"

यावर मी काय बोलणार? २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते पट्टे जाताना हजारोंनी पाहिले होते. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचे भलेमोठे कडे पडले, पवनपारला धातूचा गोळा सापडला. एका रॉकेटचे ते अवशेष होते. ज्या गावाने हे पाहिले, त्याला "अशक्य" या शब्दाची भीती कशी घालावी?

तेव्हा वाद न घालता मी माळ्यावरची जुनी पेटी काढली. नववीत असताना मी केलेला क्रिस्टल सेट तिच्यात अजून होता. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, एक गँग कंडेन्सर, जर्मेनियमचा एक डायोड आणि मोडीतून घेतलेला हेडफोन, एवढाच संसार. सेल नाही, प्लग नाही. चिंचेपासून घराच्या कौलांपर्यंत तारेची लांब एरियल ताणली, दुसरी तार हापशाच्या नळाला बांधली आणि रात्री जेवणे झाल्यावर एक भोकाडी त्याच्या कानाला, एक माझ्या कानाला लावली. बराच वेळ नुसती शांतता. मग कुठून तरी मुंगीच्या पावलांनी नागपूरची आकाशवाणी आली!

भाचेबुवा उडालेच. "मामाजी, सेल नाही तरी वाजते! म्हणजे माझंच खरं!"

त्याचे खरे होतेच. लहरींत शक्ती असते आणि ती पकडता येते. क्रिस्टल सेट सगळा त्याच शक्तीवर बोलतो. लहर ओळखणाऱ्या अशा गॅलेना स्फटिकाचे पेटंट आपल्या जगदीशचंद्र बसूंना १९०४ साली मिळाले. त्याआधी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडून बिनतारी घंटा वाजवून दाखवली होती. मात्र तिथे एक बारकावा आहे. घंटेची शक्ती जवळच्या बॅटरीची होती, लहरीने फक्त काडी ओढली. काडी आणि सरपण यांतला हा फरक विसरला की सत्तर हजार जातात.

मी कागद-पेन्सिल घेतली. लहरी चहूकडे पसरतात, म्हणून अंतर दुप्पट झाले की हाती येणारी शक्ती चौथाईवर येते. असल्या तुटपुंज्या लहरींतून दहा मायक्रोवॅट, म्हणजे एका वॅटचा लाखावा भाग, मिळाला तरी पुष्कळ. मोबाइलची बॅटरी भरायला सुमारे १५ वॅट-तास वीज लागते.

"आता भाग दे."

त्याने दिला. पंधरा लाख तास. त्याला दिवसांनी, मग वर्षांनी भागले. उत्तर आले साधारण १७० वर्षे.

"पण आठ दिवसांपासून माझ्या मोबाइलला स्टिकर आहे, चार्जिंग टिकते ना!"

"आणि रात्री?"

तो जरा घुटमळला. "रात्री वायर लावतो. खबरदारी म्हणून."

ताई पदर तोंडाला लावून हसली. पण पोराचा चेहरा उतरलेला पाहून मला वाईट वाटले. त्याला म्हटले, अरे, या मोहात तू एकटा नाहीस. निकोला टेस्लाने १९०१ पासून अमेरिकेत बिनतारी शक्तीचा प्रचंड मनोरा उभारायला घेतला. पैसा आटला आणि १९१७ साली तो पाडावा लागला. विल्यम ब्राऊन यांनी १९६४ मध्ये मायक्रोलहरींवर छोटेसे हेलिकॉप्टर हवेत तरंगवून दाखवले. पण त्यासाठी शक्तिशाली झोत खालून नेमका त्याच्यावर रोखावा लागला. वायरविना चार्ज करणाऱ्या थाळ्या मिळतात, पण त्यांत अंतर काही मिलिमीटरांचे, आणि थाळीची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये असतेच.

"मग त्या दहा मायक्रोवॅटचा उपयोगच काय?" त्याने विचारले. हा प्रश्न मात्र लाखाचा होता.

ज्याची भूक थोडी, त्याचे थोडक्यात भागते. क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ सुमारे एका मायक्रोवॅटवर चालते. मोटारीच्या काचेवरचा फास्टॅग पाहा. त्यात बॅटरी नसते. टोलनाक्यावरचे यंत्र लहरी सोडते, त्यातूनच चिप क्षणभर जागी होते आणि मुले आरशाचा कवडसा हलवतात तशी तीच लहर परतवून आपला क्रमांक सांगते. पाळीव कुत्र्यांच्या, हत्तींच्या कातडीखाली टोचतात ती काचेची कुपी धानाच्या दाण्याहून थोडीच मोठी. वाचकयंत्र जवळ नेले की तिलाही तेवढ्यापुरती शक्ती मिळते. सोव्हिएत मुलांनी १९४५ साली मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला लाकडी राजचिन्ह भेट दिले. त्यात थेरेमिनने बनवलेला कान दडला होता! बाहेरून लहर सोडली की तो खोलीतले बोलणे पोचवी. बॅटरी नाही, तार नाही, त्यामुळे १९५२ पर्यंत तो कुणाला सापडला नाही.

भाचेबुवा ऐकत होते, पण एक कान हेडफोनलाच होता.

सकाळी त्याने एजन्सीवाल्याला नकार कळवला. सत्तर हजार बँकेत गेले. स्टिकरचा नमुना ताईच्या नातीने आकाशकंदिलावर चिकटवला, तिथे तो चमकला छान. मी परत निघालो तेव्हा भाचा पेटी घेऊन स्टँडवर पोचवायला आला. पेटी हलकी लागली म्हणून उघडून पाहिली, तर सेट आत नव्हता.

"राहू द्या ना, मामाजी," तो म्हणाला. "रात्री पोरं जमणार आहेत ऐकायला."