धातूत मुरवलेला दाब

आचऱ्याच्या खाडीतली यांत्रिक होडी तुम्ही पाहिली असेल. तिच्या पंख्याचा दांडा फिरताना लाखो वेळा वाकतो आणि कधीतरी पृष्ठभागावर बारीक तडा जातो. तड्याला ताण उघडतो. दाब मिटलेला ठेवतो. जेट विमानाच्या पात्यांनाही हाच धोका. म्हणून १९९० च्या दशकापासून पात्यावर काळा लेप व पाण्याचा थर देऊन लेसरचा क्षणिक झोत टाकू लागले. लेपाची वाफ होते, पाणी तिला कोंडते आणि धक्क्याने सुमारे १ मिलिमीटर खोल दाब मुरतो. हेच अवशिष्ट प्रतिबल.

पण समतोल हवाच! वर दाब, तर आत कुठेतरी ताण. तो कुठे? पात्याचे हजारो काल्पनिक तुकडे कल्पून संगणक हे गणित सोडवतो. क्ष-किरणांनी अणूंच्या थरांतील अंतर मोजून उत्तर पडताळतात. गणित चुकले, तर पाते आतूनच तडकेल.