दोष दिसतो मनगटात, असतो कमरेत

ताशी १५० किलोमीटर वेगाने सुटलेला बेसबॉल साधारण ०.४ सेकंदात होम प्लेटवर पोचतो. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये चेंडू इतका वेगवान नसतो. पण पिचर ४३ फुटांवरच उभी असल्याने फलंदाजाला वेळ जवळपास तेवढाच मिळतो. त्यातला सुमारे ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातो. एकदा स्विंग सुरू झाला, की त्यात दुरुस्तीला फारसा वाव उरत नाही. म्हणून सुरुवातीचा क्रमच नीट बसवावा लागतो.

ताकद जमिनीकडून वर येते. पुढचा पाय टेकतो, कंबर वळते, मग धड, मग हात आणि शेवटी बॅट. आसूड ओढताना मूठ थबकते तेव्हा टोक कडाडते, तसा प्रत्येक भाग मंदावताना आपला वेग पुढच्याला देत जातो. हात कमरेच्या आधी निघाले, तर हा वेग मिळतच नाही.

नवख्यांचा नेहमीचा दोष म्हणजे हात सुरुवातीलाच शरीरापासून लांब फेकणे. फिरणाऱ्या वस्तूचे वजन अक्षापासून दुप्पट दूर गेले, की ती फिरवणे चौपट जड होते. बॅट उशिरा पोचते आणि आतल्या बाजूच्या चेंडूवर मुठीजवळचा भाग लागतो. यावर जुना उपाय आहे. बॅटचे एक टोक पोटाला आणि दुसरे जाळीला टेकेल एवढ्या अंतरावर उभे राहायचे आणि जाळीला न लागता स्विंग करायचा. हात लांब गेले, की जाळी लगेच वाजते.

दुसरा दोष वरून खाली घाव घालण्याचा. वेगवान बेसबॉल प्लेटवर येताना पाचेक अंशांनी खाली उतरत असतो. बॅट तेवढीच वर चढत आली, तर दोघांच्या वाटा जास्त वेळ जुळतात आणि वेळेचा अंदाज थोडा चुकला तरी फटका बसतो. १९४१ साली ०.४०६ सरासरी गाठणारे बेसबॉलपटू टेड विल्यम्स अशाच किंचित चढत्या स्विंगचे पुरस्कर्ते होते.

मनगटे लवकर उलटली, तर उजव्या फलंदाजाचे फटके वारंवार थर्ड बेसकडे जमिनीवरून घरंगळत जातात. अशा वेळी 'मनगट सांभाळ' असे बजावून भागत नाही, कारण बहुधा कंबर मध्येच अडकलेली असते आणि तिचे काम हात उरकत असतात.

महाराष्ट्रात शालेय सॉफ्टबॉलच्या सरावाला महागडी यंत्रे लागत नाहीत. चेंडू टीवर, म्हणजे उभ्या आधारावर, ठेवावा आणि स्विंगचे मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या गतीने बाजूने चित्रण करावे. ०.१५ सेकंदाच्या स्विंगची ३६ चित्रे मिळतात. कंबर हातांच्या आधी निघाली की नाही, हे त्यांत आधी पाहावे आणि एका वेळी एकच दोष हाती घ्यावा.