ट्रॉली जॅक
मोटारगाडीची एक बाजू उचलण्याचे, चाकांवर सरकणारे द्रवीय साधन. दांड्याने लहान दट्ट्या दाबला म्हणजे तेलातील दाब मोठ्या दट्ट्यावर पडतो. बंदिस्त द्रवात दाब सर्वत्र सारखाच पसरतो, या पास्काल यांच्या नियमानुसार १ सेंमी. व ३ सेंमी. व्यासांच्या दट्ट्यांत प्रेरणा नऊपट होते. याच तत्त्वावरील दाबयंत्राचे एकस्व जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये घेतले.

घरगुती वापरासाठी निवड करताना क्षमता, किमान उंची व उचल पाहतात. लहान मोटारीस २ टन क्षमता पुरते. मात्र जॅकचा टिकाऊपणा मुख्यतः तेल रोखणाऱ्या रबरी कड्यांवर अवलंबून असतो. मावळ तालुक्याच्या पश्चिम भागात, विशेषतः लोणावळ्यास, पावसाळा अतिशय जोरदार असतो. पूर्वेस तळेगावकडे पाऊस बराच कमी होतो. लोणावळ्यासारख्या दमट हवेत दट्ट्याचा दांडा गंजून खडबडीत होतो, कडी झिजतात, तेल झिरपते आणि उचललेला भार हळूहळू खाली बसतो. यासाठी सुटी कडी सहज मिळतील असाच जॅक घ्यावा. काम झाल्यावर दट्ट्या पूर्ण आत घेऊन, तेलाचा हात फिरवून तो कोरड्या जागी ठेवावा.

ओल्या मातीत जॅकची लहान चाके रुततात व उतारावर गाडी घसरते; म्हणून सपाट, पक्की फरशी आवश्यक असते. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, आधाराचे नव्हे. चांगल्या जॅकमधील कडीही अकस्मात निकामी होऊ शकते. त्यामुळे गाडीखाली शिरण्यापूर्वी तिचा भार लोखंडी स्टँडवर घेणे अनिवार्य ठरते.